ताई आहे ना

प्रसूतिगृहात त्या सकाळी जे झालं त्यावर हसावं की रडावं, हे मोटारवाल्या ताईला आजतागायत ठरवता आलेलं नाही. आणि ताईला एखादी गोष्ट ठरवता येत नाही, असं सहसा होत नाही. जळालेली विजेची मोटार समोर आली की नुसत्या वासावरून ती सांगते, ही किती दिवसांपासून तापत होती आणि मालक त्यातलं किती लपवतोय.

झालं ते असं. बाहेरच्या बाकावर ताई, तिची आई आणि तिचा धाकटा भाऊ असे तिघं जण पहाटेपासून बसले होते. आत भावजय. नऊच्या सुमाराला दार उघडलं, नर्स बाहेर आली, हातात गुंडाळलेलं बाळ. तिनं रोजच्या आवाजात विचारलं, "वडील कोण?"

आणि ताई उठून उभी राहिली.

नुसती उभी राहिली नाही. दोन पावलं पुढे गेली, "मी" म्हणाली आणि हात पुढे केले! नर्सनं तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. बाहीवर वार्निशचे डाग, केसांत खोचलेला चष्मा, वय चाळिशीच्या पुढे. "अहो बाई, वडील म्हटलं मी," नर्स म्हणाली. बाकावरची बाकीची मंडळी खो खो हसली. आईसुद्धा तोंडाला रुमाल लावून हसली. भाऊ हसला, पण जागचा उठला नाही. बसल्या बसल्या म्हणाला, "द्या हो तिच्याकडेच. तिला जमतं."

बाळ आधी आत्याच्या हातात गेलं, मग आजीच्या, मग पुन्हा आत्याच्या. मुलगी होती, सणसणीत आवाजाची. बापाच्या हातात ती त्या दिवशी आलीच नाही, आणि गंमत बघा, हे त्या दिवशी कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

आता ताई उभी का राहिली? वेड लागलं होतं म्हणून नाही. सत्तावीस वर्षांची सवय होती म्हणून.

ताई चौदा वर्षांची होती आणि भाऊ दोन वर्षांचा, तेव्हा त्यांचा बाप लांब कुठेतरी पुलाच्या कामावर गेला. आधी तीन महिन्यांनी यायचा, मग सहा महिन्यांनी, मग वर्षानं. मग नुसती पत्रं. मग पत्रंही नाहीत. भांडण नाही, दुसरी बाई नाही, काही निरोप नाही. नळाची धार बारीक होत होत बंद पडावी तसा तो माणूस बंद पडला. मेला असता तर निदान लोकांना सांगता तरी आलं असतं. लोक विचारायचे, "वडील कुठे असतात?" आणि आई म्हणायची, "कामावर." पाच वर्षं कामावर, दहा वर्षं कामावर. असला कसला पूल बांधत होता कोण जाणे, एवढ्यात समुद्रावरून झाला असता.

आई एका दुकानासाठी पडदे शिवायची. तेवढ्यानं भागेना, म्हणून ताईनं शाळा सोडली आणि इमारतीच्या तळमजल्यावर मोटारी भरणाऱ्या म्हाताऱ्याच्या दुकानात जाऊन उभी राहिली. मोटारी भरणं म्हणजे जळालेल्या मोटारीतली तांब्याची जुनी तार काढून नवी गुंडाळणं. म्हातारा म्हणाला, पोरींचं काम नाही हे. ताई तीन दिवस त्याच्या पायरीवर ठाण मांडून बसली. चौथ्या दिवशी म्हातारा कंटाळला आणि तारेचं रीळ तिच्या हातात देऊन म्हणाला, "हे धर, निदान वाटेतून तरी उठ." पुढे त्याचे डोळे गेले आणि दुकान ताईकडे आलं.

भाऊ तेव्हापासून तिच्या झग्याचं टोक धरून फिरायचा, म्हणून त्याचं नाव पडलं शेपूट. आज तो एकोणतीस वर्षांचा आहे, एका मोठ्या इमारतीत इलेक्ट्रिशियन आहे, पण घरात अजून शेपूटच. शाळेत पालकांच्या बैठकीला मास्तर विचारायचे, "याचे वडील?" की मागच्या बाकावरून दोन वेण्या घातलेली ताई उभी राहायची. पहिल्यांदा हसले सगळे. दुसऱ्यांदा कमी हसले. तिसऱ्यांदा मास्तरांनीच तिला पुढची खुर्ची दिली. दवाखान्यात, बँकेत, घरमालकापुढे, सायकल चोरणाऱ्या टारगट पोरांपुढे, जिथे जिथे बाप लागतो तिथे तिथे ताई उभी राहिली. छप्पर गळलं, ताई आहे ना. दात दुखतोय, ताई आहे ना. आईचं हे पालुपदच झालं होतं, आणि ती ते असं काही छाती फुगवून म्हणायची की ऐकणाऱ्याला वाटावं, नवरा नसणं हीच मोठी सोय आहे.

ताईलाही याचा अभिमान होता. का नसावा? स्वतःचं लग्न राहून गेलं त्याचंही तिला फारसं काही वाटत नव्हतं. दोन स्थळं आली होती, दोन्ही तिनं दारातून परत पाठवली. "मला अजून एक पोर सांभाळायचं नाही," म्हणाली.

तर बाळ घरी आलं. शेपूट आणि भावजय पहिल्या मजल्यावर समोरच्याच दोन खोल्यांत राहायचे, मधे फक्त जिना. भावजय औषधांच्या दुकानात कामाला, हुशार, कमी बोलणारी. तिची आई दूर होती, महिन्याभरानं येणार होती. पण अडलंय कुणाचं? ताईनं पाळणा आधीच करून घेतला होता. मच्छरदाणी, गरम पाण्याचा थर्मास, दुपट्यांचा ढीग, डॉक्टरांचा नंबर भिंतीवर मोठ्या आकड्यांत. सकाळी आंघोळ ताई घालायची, दुपारी मालिश आई करायची, संध्याकाळी दुकान बंद करून पुन्हा ताई. सगळं कसं घड्याळासारखं चाललं होतं.

शेपूट कामावरून यायचा आणि दारात उभा राहायचा.

"काही आणायचंय का?"

"आणलं सगळं," ताई म्हणायची.

"धरू का जरा?"

"आत्ता कुठे झोपलीय. उठवू नकोस."

मग तो थोडा वेळ पाळण्याकडे बघायचा आणि कोपऱ्यावर जाऊन उभा राहायचा. एकदा ती जागी होती तेव्हा त्यानं तिला उचललं, तर तीन बायका एकदम ओरडल्या, "मान! मान धर!" त्यानं घाबरून तिला परत ठेवलं. पुन्हा विचारलं नाही.

सोमवारी, म्हणजे बाळ सहा दिवसांचं असताना, ताई आंघोळीचं पाणी घेऊन गेली तर भावजय पलंगावर बसलेली, डोळे लाल, आणि मांडीवर एक कागद.

"त्याच्या पिशवीत होता," ती म्हणाली. "वाचा तुम्हीच."

जहाज कंपनीचं पत्र होतं. जहाजावर इलेक्ट्रिशियनची जागा, आठ महिन्यांचा करार. शनिवारी दुपारी चारपर्यंत ऑफिसात येऊन सही करायची, पुढच्या बुधवारी निघायचं.

ताईनं पत्र दोनदा वाचलं आणि मनातल्या मनात हिशोब केला. आधी आठ महिने. मग घरी येऊन पंधरा दिवस, मग पुन्हा आठ महिने. मग पत्रं. या रस्त्यावरची एकेक पायरी तिला पाठ होती.

"मी विचारलं त्याला," भावजय म्हणाली. "म्हणतो, पगार चांगला आहे. मी म्हटलं, मला पगार नकोय, तू हवा आहेस. तर म्हणतो, मी इथे असून काय करतो? ताई, तुम्ही सांगा त्याला. तुमचं ऐकतो तो."

"बघते मी," ताई म्हणाली. ताईनं 'बघते मी' म्हटलं की समोरच्याच्या जिवात जीव येतो. भावजयीनं डोळे पुसले.

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? भावाला गाठून विचारलं असतं, बाबा रे, का जातोस? पण ताईला आयुष्यात सांगण्यापेक्षा करून टाकायची सवय. ती दुकानाला कुलूप लावून तडक त्या जहाज कंपनीच्या ऑफिसात गेली. शेपटाचं नाव यादीतून काढून टाकायला! शाळेतून नाव काढतात तसं.

ऑफिस तिसऱ्या मजल्यावर, पंख्याखाली एक टापटीप कारकून. ताईनं वरचा पंखा ऐकला, याचं बेअरिंग गेलंय हे मनात नोंदवलं, आणि म्हणाली, "या माणसाचं नाव खोडा. तो येणार नाहीये."

"तुम्ही कोण?"

"मोठी बहीण."

"अच्छा, म्हणजे तुम्हीच का त्या!" कारकुनाचा चेहरा एकदम खुलला. त्यानं फाईल काढली आणि अर्ज फिरवून तिच्यापुढे धरला. "तुमचं नाव आहे बघा यात."

शेपटाचं तिरपं अक्षर. ते तिनंच वळवून वळवून शिकवलं होतं आणि तरी तिरपंच राहिलं होतं. 'आपल्या गैरहजेरीत कुटुंबाची जबाबदारी कोण घेईल?' त्यापुढे लिहिलं होतं, 'मोठी बहीण.' खाली तिचा फोन नंबर. त्याखाली आणखी एक प्रश्न होता. 'घरी लहान मूल असल्यास, आपल्या जाण्यानं काही अडचण होईल का?' आणि त्यापुढे दोनच वाक्यं.

'नाही. ताई आहे.'

"फार नशीबवान आहे हो तुमचा भाऊ," कारकून म्हणाला. "बाकीच्यांचे अर्ज इथंच तर अडकतात. आणि नाव खोडायचं तर त्यालाच यावं लागेल, तुमच्या म्हणण्यावर कसं खोडणार?"

ताईनं अर्ज तसाच परत सरकवला. ती जिना उतरून रस्त्यावर आली आणि चालत सुटली. बस दोन गेल्या, तिनं पाहिल्यासुद्धा नाहीत. आधी तिला भावाचा राग आला. मग बापाचा आला, तो नेहमीचाच, वापरून वापरून गुळगुळीत झालेला. आणि घराजवळच्या चौकात आल्यावर तिला स्वतःचा राग आला, आणि तो नवीन होता म्हणून जास्त बोचला. बापाची रिकामी जागा तिनं इतकी गच्च भरली होती, की आता त्या घरात दुसरा बाप शिरायला सुईच्या टोकाएवढी फट नव्हती. ज्याला तिनं अंगाखांद्यावर वाढवलं त्यालाच ती घराबाहेर ढकलत होती, आणि वर दुपटी घडी करून ठेवत होती.

दुसऱ्या दिवशी शेपटाची सुट्टी होती. दुपारी तो दुकानात आला आणि सवयीनं समोरच्या स्टुलावर बसून जुनी तार सोडवायला लागला. लहानपणापासून त्याला हे काम येत होतं.

"जहाजाचं कळलं मला," ताई म्हणाली.

त्याचे हात थांबले. "हिनं सांगितलं?"

"कुणी का सांगेना. का जातोयस?"

"पगार..."

"ए, पगाराच्या गोष्टी मला नको सांगूस. खरं बोल."

त्यानं तारेचा एक वेढा सोडवला. मग तारेकडे बघतच म्हणाला, "ताई, बाप घरात असतो तेव्हा नक्की काय करतो गं?"

"म्हणजे?"

"म्हणजे खरंच. मला माहीत नाही. मी कधी पाहिलाच नाही. तू सगळं केलंस, पण तू ताई. मी तिच्या पाळण्यापाशी उभा राहतो ना, तर मला कळतच नाही हात कुठे ठेवायचे. तुम्ही तिघी भराभर सगळं करता. मी मधे आलो की वाट अडते." त्यानं तारेचा तुकडा टेबलावर टाकला. "लांब राहणारा बाप मला येतो. पत्र लिहायचं, खेळणं पाठवायचं, फोनवर विचारायचं, अभ्यास करतेस ना? ते सगळं मला पाठ आहे. दारात बसून वाट बघितलीय मी त्याची. निदान गेलो तर काय करायचं ते मला माहीत असेल."

ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते पुसलं नाही, वाहू दिलं.

"तूच सांगतेस ना नेहमी," तो पुढे म्हणाला, "जुनी तार काढायच्या आधी वेढे मोजून घे. एकदा फेकून दिली की किती वेढे होते कुणालाच कळत नाही. माझी मोटार अशीच आलीय बघ. आत काहीच नाही. मी कशावरून भरू?"

"तशाही येतात," ताई म्हणाली. "महिन्याला एखादी येतेच. अंदाजानं भरायची. चालवून बघायची. तापली तर उलगडायची आणि पुन्हा भरायची. दोनतीनदा चुकतं. त्यात काय एवढं?"

त्यानं टाकलेला तुकडा पुन्हा उचलला.

"आणि तुला ऐकायचंच असेल तर ऐक," ताई म्हणाली. "मला चौदा वर्षं मिळाला तो. घरात असायचा तेव्हा काय करायचा, सांगू? काही विशेष करायचा नाही. सकाळी तोंड धुताना मोठ्यानं खाकरायचा, त्यानं आम्हाला जाग यायची. जेवताना आई उभी असली की म्हणायचा, तू बस आता. मी आजारी पडले की पलंगाच्या कडेला बसून शेंगा खायचा आणि टरफलं माझ्या चादरीवर टाकायचा. आई ओरडायची."

"एवढंच?"

"एवढंच. पण तो गेल्यावर मला सगळ्यात जास्त काय सललं असेल, तर ती टरफलं."

ताईनं हे सत्तावीस वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. बापाची आठवण येते म्हणणं म्हणजे आईशी बेइमानी, असं तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. शेपूट तिच्याकडे असं बघत होता, जणू ही कुणी वेगळीच बाई आहे.

"जाऊ नकोस," असं ती म्हणाली नाही. ओठांवर आलं होतं. गिळलं.

तो वर गेल्यावर तिनं फोन उचलला. बसनं पाच तासांवर एक कागद गिरणी होती. तिथला फोरमन वर्षभर तिच्या मागे लागला होता, की येऊन आमच्या मोठ्या मोटारी जागेवरच भरून द्या. ताई नेहमी म्हणायची, घर सोडून येता येत नाही. आता म्हणाली, "उद्या सकाळी निघते. रविवारपर्यंत जेवढ्या होतील तेवढ्या करते. सोबत आई आहे, दोघींना खोली लागेल."

आईनं आकांत मांडला. "डोकं फिरलंय का तुझं? आठ दिवसांचं पोर, ओली बाळंतीण, आणि आपण दोघी गिरणी बघायला जायचं?"

"आई, आपण इथे असलो तर तो जाणार. नक्की जाणार. लिहून दिलंय त्यानं."

भावजयीला तिनं सरळच विचारलं. तिच्या होकाराशिवाय ती पाऊल उचलणार नव्हती. भावजयीनं सगळं ऐकून घेतलं, बाळाकडे पाहिलं, मग म्हणाली, "जा तुम्ही. मी बघते. पण ताई, तरीही तो गेला तर?"

"तर मी परत येते आणि आपण तिघी मिळून हिला वाढवू. मला येतं ते. पण आधी त्याला कळू दे, जागा रिकामी आहे."

शेपटाचा मात्र चेहरा पांढरा पडला. "अगं, पण आंघोळ? मालिश? मी रजा कुठे काढलीय?"

"काढ. रविवारी संध्याकाळपर्यंत येते. फोन चालू असेल." एवढं बोलून ताई पिशवी घेऊन बसमध्ये बसली आणि तिला घाम फुटला. बापही असाच पिशवी घेऊन बसमध्ये बसला होता. पण तो वार सांगून गेला नव्हता, असं तिनं स्वतःला पाच तासांत पन्नास वेळा तरी बजावलं.

बुधवारी फोन अकरा आले. पोट फुगलंय. शी हिरवी आहे. उचकी लागलीय, थांबत नाही. आंघोळीचं पाणी किती गरम? प्रत्येक वेळी उत्तर ताईच्या जिभेवर तयार असायचं, आणि प्रत्येक वेळी ती म्हणायची, "डॉक्टरांचा नंबर भिंतीवर आहे. आणि बायको औषधांच्या दुकानात काम करते, तिला विचार." फोन ठेवला की दात ओठ खाऊन तार ओढायची. गिरणीतली माणसं तिला वचकून असायची.

गुरुवारी चार आले. शुक्रवारी एकही नाही.

"तुझा फोन बंद तर नाही ना पडला?" आई दर अर्ध्या तासानं विचारायची.

"चालू आहे."

"मग करत का नाही मेला?"

"मेला कशाला म्हणतेस त्याला?"

"तुझ्यापेक्षा मी जास्त प्रेमानं म्हणतेय," आई फणकारली.

शनिवारी दुपारी तीन वाजता फोन वाजला. ताईनं तो असा झडप घालून उचलला की बोटाला तार कापली. त्या कारकुनाचा फोन होता.

"तुमचे बंधू अजून आले नाहीत सहीला. चारला आम्ही बंद करतो. येतायत का ते?"

येतोय की नाही, ताईला माहीत नव्हतं. तिच्या भावाच्या आयुष्यातली अशी एकही गोष्ट आजवर नव्हती जी तिला माहीत नव्हती. दुधाचे दात कधी पडले, पहिली सिगारेट कुठे ओढली, कुणाला चिठ्ठी लिहिली, सगळं सगळं. आणि एक 'नाही येत' म्हटलं की काम फत्ते होतं. मुदत संपतच आली होती, कारकून फाईल बंद करून मोकळा झाला असता.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "त्याला विचारा."

"पण जबाबदार व्यक्ती म्हणून तुमचंच..."

"बाप तो आहे, मी नाही. नंबर देते, लिहून घ्या."

नंबर सांगून तिनं फोन ठेवला. वेढे मोजता मोजता मधेच फोन आला होता, आकडा ती पार विसरली. सगळं कॉइल उलगडून तिला पहिल्यापासून भरावं लागलं. आई म्हणाली, "कर ना एक फोन, निदान कळेल तरी." ताई नाही म्हणाली. रात्रभर दोघींनी झोपेचं सोंग केलं, आणि दोघींनाही ते माहीत होतं.

रविवारी संध्याकाळी त्या जिना चढून आल्या. आईचे गुडघे दुखत होते, तरी ती ताईच्या पुढे. शेपटाच्या दारात दोघी थांबल्या. ताईनं बेल वाजवली, आणि तिच्या मनात आलं, आतून काहीही ऐकायला मिळो, मी उभी राहीन, मला येतं.

दार शेपटानं उघडलं. दाढी वाढलेली, शर्टावर दुधाचा ओघळ, खांद्यावर बाळ. मागे खोलीचा उकिरडा झाला होता. दोरीवर दुपटी वेडीवाकडी, थर्मास आडवा, आणि त्या पसाऱ्यात भावजय पलंगावर गाढ झोपलेली, तोंड उघडं टाकून. पाच दिवसांपूर्वी तिच्या डोळ्यांखाली जी काळी वर्तुळं होती ती तशीच होती, पण ती झोपली होती.

"हळू बोला," शेपूट म्हणाला. "दोघी आत्ताच शांत झाल्यात."

आईला कुठला धीर? "अरे, सहीचं काय केलंस?"

"कसली सही? हां, ते." तो बाळाला थोपटत होता, लक्ष तिकडेच. "काल फोन आला होता त्यांचा. नाही म्हणून सांगितलं. हिला पोटात कळ येत होती, मी कुठे जाणार? आणि आई, ही डाव्याच खांद्यावर गप्प राहते. उजव्यावर घेतलं की किंचाळते. डॉक्टरांनाही माहीत नव्हतं ते."

आई मटकन जिन्याच्या पायरीवर बसली आणि रडायला लागली, मोठ्यानं, हळूबिळू काही नाही. ताई रडली नाही. तिचा जीव भांड्यात पडला होता आणि तिला आता फक्त एकच गोष्ट हवी होती. तिनं पिशवी टाकली, चष्मा केसांत खोचला आणि दोन्ही हात पुढे केले. "आण इकडे माझ्या बाळाला."

शेपूट एक पाऊल मागे सरकला.

"आधी हात धू," तो म्हणाला.

ताईला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. सत्तावीस वर्षांत या पोरानं तिला 'धू' म्हटलं नव्हतं. उलट त्याचे हात, पाय, कान, नाक, सगळं तिनं धुतलं होतं. तिचं नाक लाल झालं. काहीतरी सणसणीत बोलायला तिनं तोंड उघडलं, त्याच्या खांद्यावर झोपलेल्या त्या एवढ्याशा डोक्याकडे पाहिलं, आणि मिटलं. मोरीत जाऊन तिनं साबणानं कोपरापर्यंत हात घासले आणि परत आली.

शेपटानं बाळ एका हातानं सावरलं, मान बरोबर धरून, आणि दुसऱ्या हातानं ताईचा पंजा उजेडाकडे वळवून पाहिला. नखांत चार दिवसांचं वार्निश बसलं होतं.

"नाही," तो म्हणाला. "अजून काळी आहेत. परत जा."

आणि ताई परत गेली.